पाण्याखाली पाठ केलेली हाडं

रोवीना ड्रिगर्स जमिनीवर चारचौघींसारखी दिसायची, आणि हे मी तिला तोंडावर सांगितलेलं आहे. उंच, हाडापेरानं मोठी, चालताना किंचित पोक काढणारी. पण चिनाहॅचीच्या झऱ्यात उतरली की तिचं ते सगळं वजन कुठं जायचं कोण जाणे. केस सावकाश वर तरंगायचे, हिरवी शेपटी एकदाच हलायची, आणि काचेपलीकडच्या अंधाऱ्या हॉलमध्ये बसलेली माणसं हातातल्या उकडलेल्या शेंगा खायची विसरून जायची.

मी व्हर्डी स्लेटन. तरुणपणी मीही त्याच झऱ्यात जलपरी होते. पुढे कान बिघडले, डॉक्टरनं पाण्याखाली जायला बंदी केली, तेव्हापासून मी वर बसून पोरींच्या शेपट्या शिवते. आमच्या फ्लोरिडात असे झरे पुष्कळ. जमिनीच्या पोटातून पाणी वर येतं, निळं, थंड, इतकं नितळ की नाणं टाकलं तर तळाशी पोचेपर्यंत दिसत राहतं. आमच्या झऱ्याच्या काठाला जमिनीखाली एक हॉल खोदलेला आहे, त्याची एक भिंत सबंध काचेची. प्रेक्षक आत कोरडे बसतात आणि पाण्यात आम्ही नाचतो. शेजारी हवेची नळी लोंबत असते. तिच्यातून श्वास भरून घ्यायचा, नळी सोडायची, आणि छातीतली हवा पुरेल तोवर हसत राहायचं.

एक गोष्ट आम्ही प्रेक्षकांना कधी सांगत नाही. पाण्यात उघड्या डोळ्यांनी काही धड दिसत नाही. काचेपलीकडचा हॉल म्हणजे आम्हाला नुसते रंगांचे डाग. आम्ही हसतो ते त्या डागांकडे बघून.

तर एका मार्च महिन्यात, दुपारच्या खेळात, रोवीना अगदी काचेजवळ आलेली असताना पहिल्या रांगेतला एक पांढरा डाग हळूहळू कलंडला. कुणी म्हातारा माणूस असावा. मग एक निळा डाग उठला आणि त्याच्याजवळ खाली बसला. बाकीचे डाग मागे सरकले. रोवीना हसतच होती, कारण संगीत चालू होतं आणि बाकीच्या दोघी हात पसरून गिरकी घेत होत्या. तिनंही गिरकी घेतली. पुन्हा काचेशी आली तर निळा डाग अजून तिथंच. डाग ज्या तऱ्हेनं हलत होता त्यावरून तिला फक्त एवढंच कळत होतं की तो बोलतोय. सारखा बोलतोय. शांतपणे, घाई न करता. ऐकू मात्र काहीच येत नव्हतं.

खेळ संपल्यावर तिनं शेपटी अशी ओरबाडून काढली की माझी शिवण उसवली. ओल्या अंगानं, टॉवेल गुंडाळून ती पुढच्या दारी धावली. मी शेपटीसाठी शिव्या घालायला तिच्या मागोमाग गेले, म्हणून पुढचं सगळं मी ऐकलं.

म्हातारबाबा बाकावर बसून संत्रं खात होते. उन्हानं भोवळ आली होती, एवढंच. शेजारी निळ्या शर्टातली एक पंचेचाळिशीची बाई त्यांच्या मनगटावर बोटं ठेवून बसली होती.

रोवीनानं विचारलं, "मघाशी तुम्ही यांच्याशी काय बोलत होतात?"

बाईनं तिच्याकडे वर बघितलं. केसांतून पाणी ठिबकतंय, गालावर चमकी, पाय अनवाणी. "त्यांच्या कुत्र्याबद्दल," ती म्हणाली. "कुत्र्याचं नाव काय, खातो काय, झोपतो कुठं. माणूस आपल्या कुत्र्याबद्दल सांगायला लागला की मला कळतं डोकं ठिकाणावर आहे. आणि त्यालाही भीती वाटत नाही."

"तुम्ही डॉक्टर आहात?"

बाई खो खो हसली. "मी शाळेची बस चालवायचे हो! आता नर्सिंग शिकतेय, कम्युनिटी कॉलेजात. दुसरं वर्ष."

म्हातारबाबा म्हणाले, "कुत्र्याचं नाव बिस्किट." बस्स, एवढंच झालं.

पण त्या संध्याकाळी रोवीना माझ्या घरी आली आणि ओसरीवरच्या झोपाळ्यावर नुसती बसून राहिली. ओकच्या झाडांवरून लोंबणारं राखी शेवाळ वाऱ्यानं हलत होतं. मग म्हणाली, "मिस व्हर्डी, शाळा सुटल्यापासून मी लोकांकडे बघून हसतेय. त्यांच्यातल्या एकाचंही नाव मला माहीत नाही."

"मग विचारायची होतीस नावं," मी म्हटलं. "तोंडात पाणी गेलं असतं एवढंच."

ती हसली नाही. तेव्हा मला कळलं की हे प्रकरण सरळ नाही.

रोवीनाचे वडील हार्मन ड्रिगर्स आमच्याच झऱ्यावर काचेच्या तळाची होडी चालवायचे. बायको रोवीना लहान असतानाच गेली. बाप आणि लेक दोघंच, आणि दोघं मिळून दिवसाला वीस वाक्यं बोलत असतील तर त्यातली पंधरा टोमण्यांची. लेकीनं नर्स व्हायचा बेत सांगितला तेव्हा तळलेल्या माशाचा काटा काढत हार्मन म्हणाले, "वा! जलपरीला पाय फुटले, आणि पाय फुटल्यावर पहिलं काम काय, तर बेडपॅन रिकामी करायची."

"डॅडी, मी गंमत करत नाहीये."

"मी पण नाही. तू छत्तीस वर्षांची आहेस. शाळेत बीजगणितात दोनदा नापास झालीस. मास्तरीणबाई तिसऱ्यांदा तुला बघून रडली असती."

"तिसऱ्यांदा पास झाले होते."

"ती नोकरी सोडून गेली म्हणून."

तरी दुसऱ्या दिवशी त्यांनी आपली गाडी लेकीला दिली, कारण तिची गाडी लांबच्या प्रवासाच्या लायकीची नव्हती. सोबत मी गेले. मला कुठं काय काम होतं?

पहिल्यांदा आम्ही चुकून भलतीकडेच गेलो. शहरातल्या मॉलमध्ये एक चकचकीत संस्था होती, तिची जाहिरात रोवीनानं बघितली होती. तिथं टाय लावलेल्या एका तरुणानं आम्हाला थंड कॉफी दिली आणि म्हणाला, "मॅडम, तुम्ही येत्या सोमवारी सुरुवात करू शकता! कसलीही परीक्षा नाही, कसलीही वाट बघणं नाही." मग फीचा आकडा सांगितला. मी विचारलं, इथून पास झालेल्या मुली पुढे सरकारी परवान्याची परीक्षाही पास होतात का? तो म्हणाला, आमचं वातावरण फार आपुलकीचं आहे. आम्ही कॉफी संपवली आणि निघालो. त्यानंतर चार महिने त्याचे फोन येत होते. हार्मन ते उचलायचे आणि "जलपरी पाण्यात आहे" एवढंच सांगून ठेवून द्यायचे.

मग आम्ही जिल्ह्याच्या गावातल्या कम्युनिटी कॉलेजात गेलो. आमच्यापासून अर्ध्या तासावर. तिथला सल्लागार सज्जन माणूस होता, पण थकलेला. त्यानं सगळं नीट समजावलं. नर्सिंगचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा. पण त्यात शिरण्याआधी शरीररचना, जंतुशास्त्र, संख्याशास्त्र, मानसशास्त्र असले विषय पुरे करायचे. त्यात नुसतं पास होऊन भागत नाही, गुण चांगले लागतात. मग प्रवेश परीक्षा. रुग्णांची मदतनीस म्हणून काम केलेलं असेल तर दोन गुण जास्त. जागा थोड्या, अर्ज ढिगानं.

"म्हणजे नर्सिंग शिकायला लागण्याच्या आधीच दीड-दोन वर्षं?" रोवीनानं विचारलं.

"नोकरी करत शिकलात तर हो."

गाडीत बसताना तिनं कॉलेजकडे मागे वळूनही बघितलं नाही. मला वाटलं, झालं, उतरलं खूळ. गावाजवळ आल्यावर म्हणाली, "दोन वर्षं तर अशीही जातातच, नाही का?" आणि पुढच्याच सोमवारी शरीररचनेच्या संध्याकाळच्या वर्गात नाव घालून आली.

ती आता नर्स आहे, हे मी इथंच सांगून टाकते, म्हणजे तुमचा जीव टांगणीला लागायला नको. पण ती नर्स झाली त्यापेक्षा कशी झाली हे सांगायला मला जास्त आवडतं.

त्या वर्षी आमच्या झऱ्यात एक नवा नाच सुरू झाला. झालं असं की रोवीनाला हाडांची नावं पाठ होईनात. घरी पुस्तक उघडलं की झोप यायची. मग तिच्याबरोबर नाचणारी कॅलिस्टा, बावीस वर्षांची, भारी खट्याळ पोरगी, तिनं युक्ती काढली. पाण्याखाली दोघी समोरासमोर आल्या की कॅलिस्टा हसत हसत रोवीनाच्या एकेका हाडाला बोट लावायची. गळ्याखालचं हाड. खांद्याचं पातं. दंड. मनगटातली ती बारीक, खड्यांसारखी हाडं तर एकेक करून. रोवीना मनातल्या मनात नाव घ्यायची आणि वर आल्यावर सगळी क्रमानं म्हणून दाखवायची. मांडीचं हाड शेपटीच्या आत, तिथं कॅलिस्टा शेपटीवरच टिचकी मारायची. मी शिवलेल्या टिकल्या उडायच्या.

मी एकदा हॉलमध्ये बसून हे बघितलं. वरून ऊन झिरपत होतं, पाण्यात सोनेरी पट्टे हलत होते. एक जलपरी दुसरीच्या बरगड्यांवरून सावकाश बोट फिरवतेय, जशी काही मोजतेय की हिच्यात काय काय आहे. दुसरी डोळे मिटून तरंगतेय. एक कासव मध्येच दोघींच्या खालून गेलं. हॉलमध्ये कुणी खोकलंसुद्धा नाही. माझ्या पुढच्या रांगेत एक बाई डोळे पुसत होती. तिला काय वाटलं असेल देव जाणे. प्रत्यक्षात तिथं मंगळवारच्या परीक्षेची तयारी चालली होती.

मॅनेजरनं विचारलं, "हा कुठला नवा नाच बसवलाय?"

"हाडांचा," कॅलिस्टा म्हणाली.

"लोकांना आवडतोय. राहू द्या."

हाडांमध्ये रोवीनाला पैकीच्या पैकी मिळाले. स्नायूंमध्ये जरा कमी, कारण कॅलिस्टाला गुदगुल्या करायची सवय.

घरी हार्मन रोगी झाले होते. म्हणजे खरे नव्हे. रक्तदाब बघायचं जुनं यंत्र लेकीनं आणलं होतं, त्याचा पट्टा ती रोज जेवणाआधी बापाच्या दंडाला बांधायची आणि कानाला नळ्या लावून ऐकत बसायची. हार्मन डोळे पांढरे करून विचारायचे, "काय म्हणतंय? आहे का मी?"

"हलू नका, डॅडी."

"नसलो तर मासे व्हर्डीला देऊन टाक."

पण हात मात्र अगदी स्थिर ठेवायचे. मी बघायचे ना. एवढा तोंडाळ माणूस, पण लेक कान लावून ऐकत असली की श्वाससुद्धा बेतानं घ्यायचा.

दुसऱ्या वर्षी रोवीना मदतनीसाचा छोटा अभ्यासक्रम करून शनिवार-रविवारची म्हाताऱ्यांच्या शुश्रूषागृहात कामाला लागली. पहिल्या दिवशी दुपारी ती तिथून थेट माझ्याकडे आली. चेहरा पांढराफटक. "मिस व्हर्डी, मला जमणार नाही," म्हणाली. "एका आजोबांचं अंथरूण बदलताना मला उलटी आली. मी बाहेर पळाले. गाडीत बसून रडले."

मी तिला गोड चहा दिला, बर्फ घालून. "मग परत गेलीस का आत?"

"गेले. अंथरूण अर्धंच झालं होतं."

"मग झालं तर."

"झालं काय? वास अजून नाकात आहे माझ्या!"

"नाक झरा नाही बाळा, रोज ताजं पाणी यायला. राहील वास थोडा वेळ."

ती चिडून गेली, पण दुसऱ्या दिवशी कामावरही गेली. तिथं तिला एक वेगळीच गोष्ट कळली, आणि ती तिनं मला कितीतरी आठवड्यांनी सांगितली. शुश्रूषागृहात तिच्याकडे कुणी बघत नसे. मिस्टर पर्विस म्हणून एक आजोबा होते, ते खिडकीबाहेर बघत घास घ्यायचे. दुसऱ्या एक बाई टीव्हीकडे. सुरुवातीला तिला ते लागलं. इतकी वर्षं सगळे तिच्याकडेच बघत आलेले. "आणि मग एक दिवस," ती म्हणाली, "मिस्टर पर्विसना चमच्यानं मक्याची पेज भरवत होते. ते झाडावरच्या पक्ष्याकडे बघत होते. मीही बघायला लागले. दोघं किती वेळ एकाच पक्ष्याकडे बघत होतो. मला एकदम हलकं वाटलं हो. पाण्यात वाटतं ना, तसं. पण मी कोरडी होते."

मी सुईत दोरा ओवत बसले.

अर्ज करायची वेळ आली तेव्हा कॉलेजची निवड पुन्हा पुढ्यात आली. जिल्ह्याच्या गावातलं एक होतंच. दुसरं नदीपलीकडे, दीड तास लांब. तिथं संध्याकाळी आणि शनिवारी वर्ग असत. अर्ज दोन्हीकडे करता येणार होता. आम्ही ते दुसरं बघायला गेलो.

साधी बैठी इमारत, आजूबाजूला पाइनची झाडं. तिथल्या प्रयोगशाळेत ओळीनं पलंग मांडलेले आणि पलंगांवर रबरी रोगी. शेवटच्या पलंगावर मात्र पांघरूण घेऊन एक खरी बाई झोपलेली. ठेंगणी, पिकल्या केसांची. त्या होत्या मिसेस ग्रिम्झली, तिथल्या मुख्य शिक्षिका. विद्यार्थिनी एकेक करून त्यांच्याजवळ जात होत्या आणि बाई त्यांना खडसावत होत्या. "कोण आहेस तू? नाव सांगितलंस का? माझ्या अंगावरचं पांघरूण तुझ्या बापाचं आहे का, विचारल्याशिवाय ओढायला?" पोरी लाजून हसत होत्या, पण कान टवकारून ऐकत होत्या.

बाईंनी आम्हाला दारात बघितलं. "बघायला आलात? नुसतं बघू नका. ती उंच, तू ये इकडे. मला कूस बदलायची आहे."

रोवीना पुढे गेली. जवळ जाऊन उभी राहिली आणि बाईंकडे बघून हसली. अगदी तेच हसू, काचेपलीकडचं. हॉल अवाक व्हायचा त्या हसण्यानं.

बाईंनी डोळे घट्ट मिटून घेतले. "आता मला दिसत नाही," त्या म्हणाल्या. "माझं ऑपरेशन झालंय. खोलीत कुणीतरी आलंय आणि मला भीती वाटतेय. बोल."

रोवीनाचं तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. मला वाटलं आता ही पळणार. मग तिनं पलंगाच्या कडेला हात टेकला आणि म्हणाली, "मी रोवीना. मी तुमच्या उजव्या बाजूला उभी आहे. माझे हात गार आहेत, त्याबद्दल आधीच माफी मागते." जरा थांबून म्हणाली, "तुमच्याकडे कुत्रा आहे का?"

बाईंनी एक डोळा उघडला. "दोन आहेत," त्या म्हणाल्या. "दोन्ही नालायक." आणि आपण होऊन कूस बदलली.

निघताना रोवीनानं त्यांना विचारलं, "तुमच्याकडे सुरुवात करतात त्यातल्या किती जणी शेवटपर्यंत टिकतात?" हाच प्रश्न तिनं जिल्ह्याच्या कॉलेजातही विचारला होता, तिथं तिला छापील पत्रक मिळालं होतं.

मिसेस ग्रिम्झली पांघरुणाची घडी घालत म्हणाल्या, "गेल्या खेपेला चोवीस बसल्या, सतरा उठल्या. गेलेल्या सातही जणींची नावं मला पाठ आहेत. दोघींना मी अजून फोन करते. परत याल का म्हणून."

परतीच्या वाटेवर रोवीनानं रस्त्याकडेच्या टपरीवर गाडी थांबवली, शेंगा घेतल्या, आणि ठरवून टाकलं.

अडचण अशी की जिल्ह्याच्या कॉलेजानं तिला आधी घेतलं. मे महिन्यात कळलं, जागा मिळाली, आठ दिवसांत हो की नाही ते सांगा. नदीपलीकडच्या कॉलेजाचा निकाल जूनमध्ये होता. सगळ्यांचं एकच म्हणणं, हातचं सोडून पळत्याच्या पाठीस लागू नकोस. मीही तेच म्हटलं. हार्मन तर भांडलेच. "अर्ध्या तासावरचं मिळतंय ते सोडून दीड तासावरचं न मिळालेलं पाहिजे! कारण काय, तर मास्तरीण अंथरुणात झोपून शिव्या देते! त्या मी घरी देईन की, फुकट!"

रोवीना म्हणाली, "जवळच्या कॉलेजात नर्सिंगचे वर्ग दिवसाच असतात, ते घेतले तर मला काम सोडावं लागेल, डॅडी. घर कसं चालेल? आणि... मला तिच्याकडूनच शिकायचंय."

तिनं जिल्ह्याच्या कॉलेजला 'नाही' म्हणून कळवलं.

आणि जूनमध्ये नदीपलीकडूनही 'नाही' आलं. म्हणजे सरळ नाही असं नाही. प्रतीक्षायादीत तिसरी.

ते दिवस वाईट होते. रोवीना खेळ करायची, शुश्रूषागृहात जायची, घरी येऊन बसायची. अभ्यासाची पुस्तकं तिनं खोक्यात घातली. मी घाबरले ते हार्मनला, की आता हा माणूस "मी म्हटलं नव्हतं?" म्हणणार आणि ही कायमची मिटणार. पण तसं झालं नाही. एका पहाटे त्यांनी लेकीला उठवलं आणि म्हणाले, "चल, होडीत बस." मी शेपट्या वाळत घालायला लवकर आले होते. मला बघून म्हणाले, "तूही चल, व्हर्डी. फुकट आहे."

झऱ्यावर धुकं होतं. थंड हवेत त्या पाण्याची वाफ निघते, पण जूनमध्ये असं धुकं क्वचित. आदल्या रात्री पाऊस झाला होता म्हणून असेल. हार्मननी यंत्र बंद केलं आणि होडी नुसती सोडून दिली. आम्ही तिघं काचेच्या तळाभोवती बसलो. खाली निळं, हळूहळू उजळत जाणारं. गवत एका दिशेला झुकलेलं. माशांचा थवा वळला तेव्हा सगळा एकदम चकाकला. खूप खोलवर पांढऱ्या वाळूत ते भोक, जिथून पाणी वर येतं, तिथली वाळू सारखी उकळल्यासारखी हलत होती.

रोवीना पालथी पडून बघत होती. "मी वरून कधी बघितलंच नाही हे," ती म्हणाली. "सगळं किती स्पष्ट दिसतं! मला वाटायचं तिथं खाली नुसता निळा अंधार आहे."

"मी तुला रोज इथूनच बघतो," हार्मन म्हणाले. "पहिल्या वर्षी तू नळी सोडलीस की मीही श्वास धरायचो. तू परत नळी घेईपर्यंत. प्रवाशांना काही सांगता यायचं नाही मला. ते म्हणायचे, काय मुखदुर्बळ नावाडी आहे."

रोवीनानं मान वर केली नाही. काचेवर दोन थेंब पडले, ते तिनं कोपरानं पुसले.

मग हार्मन म्हणाले, "तिसरी म्हणजे काही फार लांब नाही. दोघी गळाल्या की झालं. माणसं गळतात." आणि यंत्र सुरू केलं.

त्या दिवशी दुपारी ती पुस्तकांचं खोकं उघडून बसली होती.

दोघी गळायला ऑगस्ट उजाडला. एकीचं लग्न ठरलं, एक नवऱ्याच्या बदलीबरोबर टेक्सासला गेली. फोन आला तेव्हा रोवीना पाण्यात होती. तो होडीच्या धक्क्यावर हार्मननी घेतला आणि सवयीनं "जलपरी पाण्यात आहे" म्हणून ठेवून दिला! पुन्हा वाजला. पलीकडून मिसेस ग्रिम्झली म्हणाल्या, "जलपरीला म्हणावं, सोमवारपर्यंत जमिनीवर ये." हार्मन होडी वाऱ्यावर सोडून काठानं धावत आले. सत्तरीचा माणूस. मी त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच धावताना बघितलं.

मग काय धावपळ! लसी टोचून घ्यायच्या, बोटांचे ठसे द्यायचे, कुणी गुन्हेगार नाही ना ते तपासायला. सेकंदकाटा असलेलं घड्याळ हवं, ते आमच्या गावात कुठंच मिळेना. शेवटी मॅनेजरनं खेळाचं वेळापत्रक पाळायचं आपलं घड्याळ मनगटावरून काढून दिलं. पांढरे बूट तिच्या मापाचे फक्त पुरुषांच्या दुकानात मिळाले. कॅलिस्टानं बुटांच्या आत नेलपॉलिशनं दोन छोटे मासे काढले, कुणाला दिसणार नाहीत असे.

पहिला वर्ग शनिवारी सकाळी होता. मी सोबत गेले. का, ते विचारू नका. हार्मन दारात उभे होते, हातात न्याहारीचा डबा. "पहिल्याच दिवशी कुणाला मारू नकोस," एवढंच म्हणाले.

नदी ओलांडल्यावर कुरणांतून सरळ रस्ता जातो. ऊन नुकतं वर येत होतं, गवतावर दव. रोवीना ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटत होती. एका ठिकाणी तिनं गाडी थांबवली. समोर करकोच्यांचं एक जोडपं रस्ता ओलांडत होतं. उंच, राखाडी, डोक्यावर तांबडा टिळा. मध्ये त्यांचं पिल्लू, अजून पिवळट, लांब पायांचं. मोठे दोघं सावकाश पाऊल टाकायचे आणि पिल्लासाठी थांबायचे. मागे एक ट्रक येऊन उभा राहिला. त्यानंही भोंगा वाजवला नाही.

"उशीर होईल का गं?" मी विचारलं.

"होऊ दे थोडा," रोवीना म्हणाली.

पिल्लू पलीकडच्या गवतात शिरलं, मग आईबाप. तिघांच्या माना गवताच्या वर काही वेळ दिसत राहिल्या. रोवीनानं काच खाली केली, सकाळचा गार वास आत घेतला, आणि गाडी पुढे काढली.